लहान मुलांची थेरपी: पालक आम्हाला विचारतात ते प्रश्न

मूल वेळेवर बसत नाही, चालत नाही, बोलत नाही, किंवा जन्मतःच एखादं निदान घेऊन आलं आहे, अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं जन्मापासून आठ-नऊ वर्षांपर्यंतची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा शब्द आधी. त्यांच्याशी नीट बोलता यावं, नेमकं विचारता यावं, यासाठी हे वाचा.

थेरपीत तुम्ही नेमकं करता काय? आम्हाला तर नुसता खेळ दिसतो.

खेळच असतो, पण तो ठरवून मांडलेला असतो. एक नेहमीचा प्रसंग सांगते. सव्वा वर्षाचा मुलगा. बसतो छान, पण उभं राहायला तयार नाही. त्याचा आवडता ट्रक जमिनीवर ठेवला, तर तो बसल्या जागी खेळत राहील. म्हणून ट्रक ठेवायचा दिवाणावर: त्याला दिसेल, पण बसून हाताला लागणार नाही, इतक्याच उंचीवर. तो गुडघ्यांवर येतो, एक हात दिवाणावर टेकवतो आणि अडकतो. आता थेरपिस्ट त्याच्या कमरेला हात लावते. त्याला उचलायचं नसतं. वजन उजव्या गुडघ्यावर सरकलं की डावं पाऊल मोकळं होऊन पुढे येतं, तेवढ्यापुरता तो आधार. पाऊल टेकलं की हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. तो जोर लावतो, पडतो, पुन्हा जोर लावतो, उभा राहतो. ट्रक मिळाला की त्याला मनसोक्त खेळू द्यायचं, आणि मग ट्रक हळूच दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचा, म्हणजे तो धरून धरून पावलं टाकेल.

बघणाऱ्याला वाटतं, ताई नुसत्या बसून आहेत. पण ते थांबणं हेच यातलं सर्वात अवघड काम आहे. मूल स्वतः धडपडतं, चुकतं, सावरतं, तेव्हा मेंदूत त्या हालचालीची जोडणी पक्की होत जाते. आपण उचलून उभं केलं, तर शिकण्याची ती संधीच जाते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या फार झपाट्याने होत असतात, म्हणून लवकर सुरुवात करा असं आम्ही सारखं म्हणतो.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी. आमच्या मुलाला यातली कोणती?

ढोबळमानाने सांगायचं तर बसणं, उभं राहणं, चालणं, तोल, स्नायूंची ताकद आणि घट्टपणा हे फिजिओथेरपिस्ट बघतात. हाताचं काम, स्वतःच्या हाताने जेवणं, कपडे घालणं, पेन्सिल धरणं, आवाज-स्पर्श-प्रकाश सहन होणं, एका कामात टिकून राहणं हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे येतं. बोलणं, समजणं, खुणा, उच्चार, तोतरेपणा, शिवाय चावणं आणि गिळणंसुद्धा स्पीच थेरपिस्टचं काम. गिळण्याचं अनेकांना ठाऊक नसतं. पातळ अन्न घेताना प्रत्येक वेळी ठसका लागत असेल, तर तो प्रश्नही त्यांच्याकडे न्यायचा.

प्रत्यक्षात या सीमा एकमेकींत मिसळतात. कमरेत नीट बसता येत नसेल तर हात मोकळे होत नाहीत आणि हात मोकळे नसतील तर चमचा धरता येत नाही. म्हणून एक जण दुसऱ्याशी बोलतो ना, हे पालकांनी जरूर बघावं.

ऑक्युपेशनल थेरपीबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन इथल्या झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाबाही उशिरा चालला". थांबून बघू का?

तपासून घ्या आणि मग थांबा. तपासणीने काही बिघडत नाही, वाट बघण्याने मात्र महिने जातात.

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो हे खरं, पण त्या वेगळेपणालाही मर्यादा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली या मर्यादा मांडल्या. त्यात आपल्या दिल्लीतली मुलंही होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही मुलं ठीक. पण दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर "बाबाही उशिरा चालला" हे उत्तर पुरत नाही.

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढच्या लसीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सहा महिन्यांचं बाळ मान धरत नाही. दहा महिन्यांचं होऊनही बसत नाही. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही. सोळा महिन्यांत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांत "दूध दे", "बाबा आला" अशी दोन शब्दांची जोडी नाही. अंग फार कडक वाटतं किंवा उचलल्यावर हातातून निसटतं. आणि सर्वात महत्त्वाचं: जे येत होतं ते बंद झालं. बोलत असलेलं मूल बोलेनासं झालं तर एक आठवडाही थांबू नका.

अजून एक खूण घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटते. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकाच हाताने वस्तू घेतं आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहते. "डावखुरा होणार" म्हणून सगळे कौतुक करतात. इतक्या लहान वयात कुठलंही बाळ पक्कं डावरं-उजवं झालेलं नसतं. दुसऱ्या बाजूत ताकद कमी आहे का, हे बघायला हवं.

आमचं बाळ रांगलंच नाही, थेट उभं राहिलं. काही दोष आहे का?

बाकी सगळं वेळेवर असेल तर नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती. काही मुलं बसून सरकतात, काही पोटावर. दोन्ही बाजू सारख्या वापरल्या जातात ना, एवढं बघा. एक पाय फरफटत असेल तर दाखवा.

बाळ दोन महिने आधी झालं. वय कुठून मोजायचं?

लसी जन्मतारखेवरून. वाढीचे टप्पे मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. शेजारच्या बाळाशी तुलना करून रडणाऱ्या कितीतरी आयांचा जीव एवढ्या हिशेबाने भांड्यात पडतो. पण एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाची तपासणी चुकवू नका. डोळे, कान आणि हालचाली, तिन्ही ठरल्या तारखांना दाखवा.

मालिशवाल्या बाई रोज येतात. तीच थेरपी नाही का?

मालिश छान आहे. बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते, घरातलं कुणीतरी निवांत बाळाजवळ बसतं. पण मालिशमध्ये बाळ पडून असतं आणि हालचाल दुसरं कुणी करतं. थेरपीत हालचाल बाळाने करायची असते. ज्या बाळाचे स्नायू घट्ट आहेत त्याचे हातपाय ओढून, आडवेतिडवे दुमडून कसरत करून घेणं थांबवा. कानात, नाकात तेल नको. आंघोळीआधीची पाच मिनिटं बाळाला चटईवर पालथं घाला आणि समोर स्वतः पालथं पडून त्याच्याशी बोला. मान आणि खांदे यातून बळकट होतात. पालथं घालायचं ते जागेपणी आणि कुणीतरी जवळ असताना. झोपवायचं मात्र पाठीवरच.

वॉकर घेऊ का? लवकर चालेल ना?

नाही. बसायच्या चाकांच्या वॉकरमुळे चालणं लवकर येत नाही, उलट पाय चवड्यांवर ढकलायची सवय लागते आणि जिन्यावरून, उंबऱ्यावरून पडून डोक्याला मार बसतो. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं, स्वतःचा तोल सांभाळतं आणि ढकलतं. धरून उभं राहायला लागलेल्या मुलाला, मोठं माणूस शेजारी असताना, तो द्यायला माझी पूर्ण संमती आहे.

दोन वर्षांची झाली, बोलत नाही. थेट स्पीच थेरपी लावू?

आधी कान. दारावरची बेल वाजली की वळते, म्हणजे ऐकू येतं, असं घरचे सांगतात. पण मूल बेलचा आवाज ऐकत असेल आणि "स", "फ", "ट" हे बारीक आवाज ऐकत नसेल, असं होऊ शकतं. मग ऐकलेलंच अर्धवट, तर बोलणं कुठून पूर्ण येणार? ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्या दुखत नाहीत. बेराला मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी त्याला मुद्दाम जागं ठेवून न्यावं लागतं, इतकाच त्रास. खरं तर जन्मल्यावर महिन्याच्या आत कानांची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

जिभेखालचा पडदा कापायचा का, असंही विचारतात. काही तान्ह्या बाळांना दूध ओढायला त्या पडद्याची अडचण होते, पण मूल शब्दच बोलत नाही याचं कारण सहसा तो पडदा नसतो. वेखंड उगाळून चाटवण्यानेही वाचा येत नाही, आणि त्यापायी सहा महिने गेले की ते भरून निघत नाहीत.

कान ठीक असतील तर घरातला मोबाइल आणि टीव्ही बघा. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांशी बोलणं यात धरत नाहीत, कारण तिकडून उत्तर येतं. गाण्यांच्या व्हिडिओतून येत नाही.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. मूल गोंधळतं, एकच भाषा ठेवा, असं आम्हाला सांगितलं.

हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं किंवा त्याला भाषेचा विकार होतो, असं संशोधनात दिसत नाही. ऑटिझम (स्वमग्नता) किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. उलट घरातली माणसं ज्या भाषेत विचार करतात, चिडतात, लाड करतात ती काढून घेतली, तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात. आजीला इंग्रजी येत नाही, ती गप्प बसते. आई "कम, सिट, ईट" एवढंच बोलते. मराठीत तिच्याकडे शंभर गोष्टी असतात: "अगंबाई, मांजर आलं वाटतं, बघ कसं शेपूट हलवतंय!" मुलाला अशी भरभरून बोलली जाणारी भाषा हवी असते.

शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. "पाणी" मराठीत आणि "बॉल" इंग्रजीत, हे दोन शब्द झाले.

चित्रांची कार्डं दिली तर तो बोलायचा कंटाळा करेल ना?

नाही करत. चित्र दाखवून हवं ते मिळायला लागलं की मुलाची चिडचिड कमी होते, आणि अनेकांच्या तोंडी त्यानंतरच शब्द येऊ लागतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही बोलतं.

आठवड्यातून किती वेळा यावं लागेल? रोज आणलं तर लवकर फरक पडेल का?

आठवड्यात १६८ तास असतात. पाऊण पाऊण तासाची दोन सत्रं म्हणजे दीड तास. उरलेले तास मूल तुमच्याकडे असतं. त्या दीड तासात मी मुलाला जे शिकवते त्यापेक्षा तुम्हाला जे शिकवते, त्याचा परिणाम मोठा असतो. म्हणून ज्या केंद्रात पालकांना बाहेर बसवतात आणि शेवटी "आज छान केलं" एवढंच सांगून मूल हातात देतात, तिथे जरूर विचारा: आज काय केलं, का केलं, घरी काय करू? उत्तर मिळत नसेल तर दुसरीकडे जा.

ही माझी एकटीची समजूत नाही. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगथ या संस्थेने ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत वापरून बघितली. रावळपिंडीतही तेच काम एकाच वेळी चाललं होतं. घरी जाऊन शिकवणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, त्यांना या कामापुरतं प्रशिक्षण दिलेलं होतं. मुलाच्या खेळात पालकांनी कसं सामील व्हायचं, त्याच्या इशाऱ्याला कसं उत्तर द्यायचं, हे ते दाखवत. २०१६ साली निष्कर्ष आले: पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. सेरेब्रल पाल्सीतही (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही ती अवस्था) ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उपलब्ध सगळा पुरावा चाळला. ठरवलेलं एखादं काम प्रत्यक्ष करून शिकणं आणि घरी करायचा नीट आखलेला कार्यक्रम, या गोष्टी वरच्या रांगेत आल्या. नुसतं हातपाय ताणत बसणं खालच्या रांगेत गेलं.

आता घरी म्हणजे काय? वेगळा तास काढून घाम गाळायचा नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत जी कामं होतातच, त्यांत मुलाला थोडी जागा करून द्यायची. मटार सोलायला बसवा, दोन बोटांची चिमूट आपोआप होते. कणकेचा गोळा द्या, तळवा उघडतो. शर्ट घालताना शेवटची बाही त्याची त्याला ओढू द्या. पुढच्या आठवड्यात दोन्ही बाह्या. आंघोळीच्या वेळी तांब्या पाण्याने भरून ओतू द्या.

बोलण्यासाठी तर एकच सवय पुरेशी फरक करते. ही एका आईशी झालेली बातचीत बघा, अशी जवळजवळ रोज होते.

"मॅडम, त्याला पाणी हवं असलं की मला कळतंच."
"कसं कळतं, ताई?"
"फिल्टरकडे बघतो."
"मग तुम्ही काय करता?"
"लगेच देते."

आता करायचं एवढंच: भांडं हातात घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली बसा, "पाणी?" म्हणा, आणि मनात दहापर्यंत मोजा. या दहा आकड्यांत तो हात पुढे करेल, "प" म्हणेल, तुमच्याकडे बघेल. जे करेल ते बोलणंच समजा आणि "पाणी! घे पाणी" म्हणून लगेच द्या. अडवून धरायचं नाही, "म्हण बघू पाणी, म्हण ना" असा तगादा नाही. बहुतेक घरांत तिसऱ्या आकड्याला कुणीतरी मोठं माणूस बोलून जातं. आजोबांना आधी सांगून ठेवा.

सत्रात खूप रडतो. जबरदस्ती करायची का?

पहिल्या काही भेटींत नवी जागा, नवी माणसं म्हणून रडेल. आईच्या मांडीवरून सुरुवात करता येते. पण महिना होऊनही पायरीवरच रडं सुरू होत असेल, तर काम फार अवघड दिलं जातंय, वेळ झोपेची किंवा भुकेची आहे, किंवा त्या खोलीतला आवाज त्याला सोसत नाही. यातलं काय आहे ते शोधणं थेरपिस्टचं काम आहे. रडणाऱ्या मुलाला धरून ठेवून व्यायाम करवणं याला मी थेरपी म्हणत नाही.

सेरेब्रल पाल्सी आहे असं सांगितलं. चालेल का हो आमची मुलगी?

पहिल्याच भेटीत येणारा, आणि विचारताना आवाज कापणारा प्रश्न. खरं उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सेरेब्रल पाल्सीतल्या हालचालीच्या क्षमतेचे पाच स्तर मानतात. पहिल्या स्तरावरची मुलं धावतात, पाचव्यावरच्या मुलांना मान सांभाळायलाही मदत लागते. दोन वर्षांची होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागलेल्या मुलांची चालण्याची शक्यता चांगली असते. पहिल्या-दुसऱ्या स्तरावरची मुलं स्वतः चालतात, तिसऱ्यावरची हातात धरायच्या साधनाने. तुमच्या मुलीचा स्तर कोणता, हे थेरपिस्टला सरळ विचारा. दोन वर्षांनंतर तो बऱ्याच खात्रीने सांगता येतो.

थेरपीने मेंदूला झालेली इजा पुसली जात नाही. मुलीच्या आवाक्यात जे आहे ते तिला गाठून द्यायचं, स्नायू आखडू द्यायचे नाहीत आणि खुब्याचा सांधा सरकण्यापासून वाचवायचा, हे थेरपी करते. तो सांधा न दुखता हळूहळू निखळतो, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढायला सांगितला की चालढकल करू नका. एका बाजूचाच हात कमजोर असेल, तर चांगला हात काही तास मोज्यात बांधून कमजोर हाताकडून खेळ करून घेण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे, फक्त ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

आणि "चालेल का" याच्या जोडीला आणखी प्रश्न विचारा. शाळेत बाकावर कशी बसेल? स्वतःच्या हाताने जेवेल का? तिला काय हवंय ते सांगता येईल का? चाकांची खुर्ची वेळेवर मिळालेली मुलगी मैत्रिणींमागे मैदानात जाते. खुर्ची म्हणजे हार मानली, असं समजून ती लांबवू नका. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या लेकीसाठी आणि तिच्यासारख्या मुलांना शिकता यावं म्हणून. ती लेक, मालिनी चिब, पुढे लंडनला जाऊन उच्चशिक्षण घेऊन आली.

ऑटिझमचं निदान अजून पक्कं नाही. थेरपी आधीच सुरू करू का?

हो. बोट दाखवणं, नजर, हावभाव, खेळ यांवर काम करायला कागदावरच्या शिक्क्याची गरज नाही. निदान पुढे बदललं तरी हे काम वाया जात नाही. निदान टाळूही नका, प्रमाणपत्रासाठी आणि शाळेसाठी ते लागतं.

"पूर्ण बरा करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच स्पष्ट केलं आहे. तरीही दागिने मोडून लाखो रुपये भरलेली कुटुंबं मी बघते आणि जीव तुटतो. त्या पैशांत कितीतरी वर्षांची थेरपी झाली असती.

पहिलीत आहे. अक्षर वेडंवाकडं, वर्गात जागेवर बसत नाही. हेही थेरपीचं काम?

असू शकतं. पेन्सिल बोटांत येण्याआधी खांदा आणि मनगट स्थिर हवं, बसताना पाय जमिनीला टेकायला हवेत. निम्म्या मुलांचे पाय शाळेच्या बाकावरून लोंबकळत असतात, पायाखाली पाट ठेवला तरी फरक दिसतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला बाराखडी गिरवायला लावू नका. चिखल, माती, रांगोळी, कात्री यांनी हात तयार होतो. दुसरी-तिसरीत वाचन-लेखनाची अडचण तशीच राहिली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन रुग्णालयात ती होते, आणि त्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात.

खाजगी थेरपी परवडत नाही. सरकारी सोय आहे का?

आहे, आणि ती वापरायला संकोच नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सरकारी शाळेत एकदा. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बोलताना सगळे डीईआयसी म्हणतात. जिल्हा रुग्णालयात जाऊन तिथल्या कार्यक्रम समन्वयकांना भेटा. गावात सुरुवात आशाताईंपासून करा, त्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत ठरावीक वेळी घरी येतातच. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत, ते त्यांच्यासोबत वाचा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना बघा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. कार्ड काढल्याने मुलावर शिक्का बसतो असं नातेवाईक म्हणतील. कार्ड तुमच्या कपाटात राहतं आणि गरज पडेल तेव्हाच बाहेर येतं.

थेरपिस्ट पात्र आहेत हे कसं कळणार?

नोंदणी क्रमांक विचारा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची राज्याची वेगळी परिषद आहे. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आम्ही परदेशात असतो.

अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शन ही सरकारी सेवा आहे, पालक थेट फोन करून तपासणी मागू शकतात. तीन वर्षांनंतर ते काम शाळेच्या जिल्ह्याकडे जातं. ब्रिटनमध्ये हेल्थ व्हिजिटरपासून (लहान मुलांच्या घरी येणाऱ्या सरकारी परिचारिकेपासून) सुरुवात करा. तपासणी मराठीतही करा, दुभाषा द्या, असं हक्काने सांगा. इंग्रजीतून तपासलेलं मराठी मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं.

थेरपी किती दिवस चालणार?

तीन-तीन महिन्यांचं उद्दिष्ट ठरवा आणि ते घरातल्या भाषेत असू द्या. "सूक्ष्म कारक कौशल्यात सुधारणा" असं लिहिलेलं असेल तर बदलून घ्या. "दिवाळीपर्यंत स्वतःच्या हाताने वरणभात खाईल", असं हवं. मुदत संपली की बघा. साधलं तर पुढचं ठरवा. साधलं नाही तर पद्धत बदला. दोनदा बदलूनही काहीच हललं नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. काही मुलांना चार महिने पुरतात, काहींना शाळा संपेपर्यंत अधूनमधून लागते. मधे सुट्टी घेतली तर चालतं. मूल गावी जाऊन चुलत भावंडांत मे महिना खेळलं, तर परत आल्यावर बरंच काही नवीन करून दाखवतं.

पहिल्या भेटीला काय आणू?

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक, आधीचे सगळे रिपोर्ट. मोबाइलवर घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ: जेवताना, खेळताना, चिडलेला असताना. नव्या खोलीत मूल यातलं काहीच करून दाखवत नाही. त्याचं आवडतं खेळणं आणि खाऊ. चष्मा, श्रवणयंत्र, स्प्लिंट (हातापायाला लावायचा आधार) असेल तर घालूनच. वेळ झोपेची नसेल अशी मागून घ्या. दिवसभर मुलाला सांभाळणारं जे माणूस असेल, आजी असो की पाळणाघरातल्या मावशी, त्यांना बरोबर आणा. आम्हाला सर्वात जास्त प्रश्न त्यांनाच विचारायचे असतात.